फ्रेजल व्हर्ब पाठ आहेत, पण बोलताना येत नाहीत? आधी बिघाड शोधा

जळगावात माझ्या संध्याकाळच्या बॅचला मुलं येतात ती आसोद्याची, नशिराबादची, धरणगावची, काही तर थेट चोपड्याहून. बहुतेक मराठी माध्यमातली. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे, त्यामुळे बारावी होईस्तोवर प्रत्येकाच्या डोळ्यांखालून बारा वर्षं इंग्रजी गेलेलं असतं. काळ येतात, पॅसिव्ह करता येतं, शब्दही बऱ्यापैकी असतात. तरी दर बॅचला एक तक्रार ठरलेली: "सर, फ्रेजल व्हर्ब पाठ केलेत, पण बोलताना एकही आठवत नाही. आठवला तर नेमका चुकीचा निघतो."

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापद आणि 'अप', 'ऑफ'सारखा छोटा शब्द यांची जोडी, जिचा अर्थ मिळून वेगळाच होतो. पुरावा म्हणून मुलं वही पुढे करतात. 'गेट अप, गेट ऑफ, गेट ओव्हर, गेट बाय, गेट थ्रू, गेट अवे' अशी रांग, समोर मराठी अर्थ, मध्ये लाल पेनची रेघ. 'गेट' संपला की 'गिव्ह', मग 'गो'. अक्षर मोत्यासारखं, पण तोंडातून बाहेर काही येत नाही.

शेतातली मोटार चालत नाही म्हटल्यावर वायरमन लगेच मोटार विहिरीतून वर काढायला लावत नाही. आधी फ्यूज बघतो, मग स्टार्टर, मग केबल. इथेही 'येत नाही' या दोन शब्दांखाली वेगवेगळे बिघाड असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. लिस्ट आणखी वाढवणं हा त्यातल्या एकाचाही इलाज नाही. तरी बाजारात मिळणारी पुस्तकं तेवढंच करतात: पाचशे फ्रेजल व्हर्ब, हजार फ्रेजल व्हर्ब.

बिघाड पहिला: वही क्रियापदावार लावली आहे

हा सगळ्यात मोठा, म्हणून इथे जरा थांबतो.

एकसारख्या दिसणाऱ्या दहा गोष्टी एका दमात पाठ केल्या की त्या एकमेकींत मिसळतात. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणं, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणं, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणं. वहीत शेजारी शेजारी लिहिलेले हे तीन डोक्यातही शेजारीच बसतात, आणि वेळेवर हाताला भलताच लागतो. शिवाय बोलताना आपण क्रियापदापासून सुरुवात करत नाही. कोणी असा विचार करत नाही की, आता मला 'गेट' वापरायचा आहे, बघू मागे काय लावता येतं. आपल्यासमोर प्रसंग असतो. गाडी बंद पडली, गॅस संपला, फोन कट झाला.

फोनचंच घेऊ. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा आणि फैजपूरला त्याची आई:

"अरे, उचलत का नव्हतास फोन?"
"आई, आवाज तुटतोय तुझा."
"काय?"
"अगं, जरा जोरात बोल!"
"थांब, टीव्हीचा आवाज कमी करते."
"मघाशी कटच झाला होता."
"बरं, ठेवते आता. कुकर लावलाय."

हेच इंग्रजीत करा. फोन उचलणं 'पिक अप'. आवाज तुटतोय, 'यू आर ब्रेकिंग अप'. जोरात बोल, 'स्पीक अप'. थांब, 'होल्ड ऑन'. टीव्हीचा आवाज कमी करते, 'आय विल टर्न द टीव्ही डाउन'. कट झाला, 'वी गॉट कट ऑफ'. ठेवते आता, 'आय हॅव टू हँग अप'. भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर बोलणं झालं की हुकाला अडकवत, तो 'हँग' आजही मोबाइलला चिकटून आहे.

यात चार 'अप' आहेत आणि चारांचा अर्थ चार तऱ्हांचा आहे. वहीत 'अप'च्या पानावर हे एकाखाली एक लिहिले असते तर गोंधळ नक्की होता. एका फोन कॉलमध्ये मात्र कोणाचाच होत नाही, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे: उचलणं सुरुवातीला, ठेवणं शेवटी, आवाज तुटणं मध्ये. मुलांकडून हा कॉल जोडीने करून घेतला की दुसऱ्या दिवशीही तो बिनचूक निघतो. मराठीतून इंग्रजीत जाणारी ठरलेली चूकही इथेच सापडते. 'फोन ठेवतो'चं 'आय ॲम कीपिंग द फोन' आणि 'फोन उचल'चं 'लिफ्ट द फोन' मी दर बॅचला ऐकतो.

तेव्हा वहीचं एकेक पान प्रसंगाला द्या. यावलहून एसटीने भुसावळला आणि तिथून रेल्वे, हे एक पान. 'वी सेट ऑफ ॲट सिक्स' म्हणजे सहाला निघालो. 'द बस ब्रोक डाउन' म्हणजे गाडी बंद पडली. 'अ फ्रेंड पिक्ड अस अप' म्हणजे मित्राने वाटेत घेतलं, 'ही ड्रॉप्ड अस ऑफ ॲट द स्टेशन' म्हणजे स्टेशनवर सोडलं. मामा पोचवायला आले होते, 'माय अंकल केम टू सी अस ऑफ'.

याच पानावर एक बारीक भानगड असते, ती आत्ताच मिटवून टाका. बस, रेल्वे, विमान आणि मोटारसायकल यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, रिक्षा आणि आपली कालीपिली, म्हणजे सवारी भरून नेणारी काळी-पिवळी जीप, यांना 'गेट इन' आणि 'गेट आउट'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं किंवा ज्यावर टांग टाकून बसावं लागतं, तिथे 'ऑन'. जिथे वाकून आत शिरावं लागतं, तिथे 'इन'. कालीपिलीत बारा माणसं कोंबली आणि दोन मागे लटकली तर त्या दोघांना काय लावायचं, असं एकाने विचारलं होतं. त्यांना 'हँग ऑन'.

दुसरं पान स्वयंपाकघराचं. गॅस संपला, 'वी हॅव रन आउट ऑव्ह गॅस'. दूध नासलं, 'द मिल्क हॅज गॉन ऑफ', ही ब्रिटिश बोली. अमेरिकन माणूस 'गॉन बॅड' म्हणेल. शेवभाजी उतू चालली, 'इट इज बॉइलिंग ओव्हर'. भाजी गरम कर, 'हीट इट अप'. उरलेलं फेकू नको, 'डोन्ट थ्रो इट अवे'.

तिसरं पान बिनवीज दुपारचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना लाइट जाते, 'द पॉवर गोज ऑफ'. आली की 'इट कम्स बॅक ऑन'. हे पान कोणाला शिकवावं लागत नाही.

बिघाड दुसरा: एकच मराठी क्रियापद सगळीकडे लावून बघणे

'ओपन द फॅन' आणि 'क्लोज द लाइट' ही वाक्यं इथूनच येतात. मराठीत दारही बंद करतात, दिवाही बंद करतात, दुकानही. इंग्रजीत तसं चालत नाही.

'बंद करणे' पूर्ण उलगडून बघा. दार बंद केलं, 'क्लोज' किंवा 'शट'. मोटार बंद केली, 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. दुकान रात्रीपुरतं बंद केलं, 'क्लोज'. धंदाच गुंडाळला, 'क्लोज डाउन'. बिल थकलं म्हणून वीज बंद केली, 'कट ऑफ'. तंबाखू बंद केली, 'गिव्ह अप'. तंबाखू कमी केली असेल तर 'कट डाउन ऑन'. संप ठरला होता तो बंद केला, म्हणजे मागे घेतला, 'कॉल ऑफ'.

'काढणे' त्याहून वाईट. चप्पल काढ, 'टेक ऑफ'. खिशातून मोबाइल काढ, 'टेक आउट'. जुना विषय काढला, 'ब्रिंग अप'. नाव यादीतून काढलं, म्हणजे खोडलं, 'क्रॉस आउट'. काम नाही म्हणून माणसं काढली, 'ले ऑफ'. चूक काढली, 'पॉइंट आउट'. कसेबसे दिवस काढले, 'गेट बाय'.

इथे थोडा दिलासाही आहे. आपल्याला जे 'टर्न', 'पुट' आणि 'टेक' करतात, तेच मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला आपले 'लावणे' आणि 'लागणे' करतात. दिवा लावा, कुलूप लावा, फोन लावा, नंबर लावा, झाड लावा, वाट लावा. भुसावळच्या स्टँडवर "काय भो, गाडी लागली का?" असं कोणी विचारलं, तर बस फलाटावर आली का असं विचारतोय की प्रवासात मळमळलं का असं, हे तोंड बघून ठरतं. आपण 'लागणे'ची लिस्ट कधी पाठ केली नाही. प्रत्येक 'लागणे' आपापल्या प्रसंगातून आपल्याकडे आला.

उपाय: मराठी क्रियापद सोडा, काय घडलं ते बघा. मोटार बंद झाली म्हणजे चालू होती ती थांबली. तंबाखू बंद झाली म्हणजे सवय सुटली. घडलेलं वेगळं, तर इंग्रजी जोडीही वेगळी असणार हे गृहीत धरा.

बिघाड तिसरा: जोडी बरोबर, पण 'इट'ची जागा चुकली

'टर्न ऑफ इट.' 'पिक अप मी.' 'थ्रो अवे देम.' हे ऐकू आलं की बिघाड हाच.

नियम छोटा आहे. नाम असेल तर दोन्ही चालतं: 'टर्न ऑफ द मोटर', 'टर्न द मोटर ऑफ'. सर्वनाम असेल तर ते मध्येच जाणार: 'टर्न इट ऑफ'. नाम लांबलचक असेल, म्हणजे 'काकांनी परवा धुळ्याहून आणलेली मोटार' असं काही, तर ते सगळं शेवटी टाका. मध्ये एवढं कोंबलं तर शेवटचा 'ऑफ' येईपर्यंत ऐकणारा विसरून जातो.

अडचण अशी की सगळ्या जोड्या अशा फुटत नाहीत. 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. 'लुक फॉर', 'कम अक्रॉस', 'रन इन्टू', 'गेट ओव्हर' या न फुटणाऱ्या. कुठली फुटते हे ओळखायला एक कच्ची चाचणी मी मुलांना देतो. काम झाल्यावर वस्तूची अवस्था त्या छोट्या शब्दाने सांगता येते का बघा. मोटार बंद केली, आता 'द मोटर इज ऑफ'. अर्थ लागतो, तर फुटते. शर्ट घातला, 'द शर्ट इज ऑन'. आग विझवली, 'द फायर इज आउट'. मीटिंग रद्द केली, 'द मीटिंग इज ऑफ'. आता मुलाला सांभाळलं, 'द चाइल्ड इज आफ्टर'? काहीच अर्थ लागत नाही, म्हणजे फुटत नाही.

चाचणी कच्ची म्हणतो ती यासाठी, की 'लुक अप अ वर्ड' म्हणजे कोशात शब्द बघणं आणि 'मेक अप अ स्टोरी' म्हणजे गोष्ट रचणं, या दोन्ही फुटतात, पण चाचणीत बसत नाहीत. अशा वेळी कोश उघडा. परकीय विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात 'टर्न समथिंग ऑफ' असं 'समथिंग' मध्ये छापतात, आणि 'लुक आफ्टर समबडी'मध्ये 'समबडी' शेवटी. काही कोशांत दोन टोकांचा छोटा बाण असतो. तो दिसला की वस्तू मागेपुढे सरकते असं समजा. मुलं नेमका तेवढाच भाग सोडून पुढे मराठी अर्थ शोधायला जातात.

तीन शब्दांची जोडी आली तर बहुतेक वेळा निर्धास्त राहा, सर्वनाम शेवटी: 'पुट अप विथ इट', 'लुक फॉरवर्ड टू इट', 'रन आउट ऑव्ह इट'.

आणि काहींना वस्तू लागतच नाही. 'द बस ब्रोक डाउन' एवढंच. 'द बस वॉज ब्रोकन डाउन बाय ड्रायव्हर' असं लिहिलेला पेपर मी तपासला आहे. ड्रायव्हरवर गुन्हाच दाखल झाला त्यात.

बिघाड चौथा: मराठीत आलेलं नाम पुन्हा इंग्रजीत क्रियापद म्हणून वापरणे

हा बिघाड कोणाच्या फारसा लक्षात येत नाही. कितीतरी फ्रेजल व्हर्ब आपण रोज बोलतो, फक्त मराठी नाम म्हणून. पिकअप, ब्रेकडाउन, बॅकअप, लॉगिन, चेकअप, मेकअप, फॉलोअप, सेटअप, ड्रॉपआउट. केळीपट्ट्यात 'पिकअप' म्हटलं की सावदा-रावेरच्या रस्त्याने घड भरून पळणारी गाडी डोळ्यांसमोर येते. मराठीत हे शब्द एकसंध झालेत आणि त्यांना 'करणे' किंवा 'होणे' जोडून आपण मोकळे होतो: फॉलोअप केलं, गाडी ब्रेकडाउन झाली.

इंग्रजीत परत नेताना जोड उसवावा लागतो. भूतकाळ पहिल्या शब्दाला लागतो, दुसऱ्याला नाही. 'फॉलोअप्ड' नाही, 'फॉलोड अप'. 'लॉगिन्ड' नाही, 'लॉग्ड इन'. 'बॅकअप्ड' नाही, 'बॅक्ड अप'. 'ही ड्रॉपआउट फ्रॉम कॉलेज' नाही, 'ही ड्रॉप्ड आउट ऑव्ह कॉलेज'.

उच्चारातही फरक आहे. नाम असेल तर जोर पहिल्या शब्दावर, 'पिक'अप. क्रियापद असेल आणि मध्ये सर्वनाम असेल तर जोर शेवटच्या छोट्या शब्दावर: पिक इट 'अप'. 'द पिकअप पिक्ड इट अप' हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि मोठ्याने म्हणायला लावतो. हसतात, पण जोर बसतो.

दोन शब्दांपासून जपा. डॉक्टरांनी चेकअप केलं याचं 'द डॉक्टर चेक्ड मी अप' होत नाही. 'आय हॅड अ चेकअप' म्हणा. आणि 'शी मेड अप' म्हणजे तिने मेकअप केला असं नव्हे, भांडण मिटवलं असं. मेकअप करायचा तर 'पुट ऑन मेकअप'.

बिघाड पाचवा: आपल्याकडे चालतं, बाहेर चालत नाही

'आय पास्ड आउट इन २०२२.' विद्यापीठातून पदवी घेतली, हे आपल्याकडे कोणालाही कळतं. ब्रिटिश लष्करी शाळांतली पासिंग आउट परेड आपल्याकडे आजही आहे आणि तो प्रयोग भारतात कॉलेजलाही लागला. पण अमेरिकेतल्या क्लायंटला हे वाक्य ऐकवलंत तर त्याला ऐकू येईल की २०२२ साली तुम्ही चक्कर येऊन पडलात. त्याच्यासाठी 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. जळगावातल्या इंटरव्ह्यूला 'पास्ड आउट' म्हटल्याने नोकरी जाणार नाही. त्यावरून मुलांना घाबरवणारे व्हिडिओ मला पटत नाहीत.

'फिल अप द फॉर्म' हाही आपलाच. बाहेर 'फिल इन' किंवा 'फिल आउट' म्हणतात आणि 'फिल अप' टाकीसाठी ठेवतात. 'व्हेअर डू यू पुट अप?' ऐवजी 'व्हेअर डू यू लिव्ह?' किंवा 'स्टे' सरळ. 'कोप अप विथ' मात्र कुठेच बरोबर नाही. 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या संगतीने 'कोप'ला उगीच एक 'अप' चिकटला. 'कोप विथ' एवढंच.

आणि 'पुट ऑफ'. आपल्याकडे 'पुट ऑफ द लाइट' सर्रास चालतं. रावेरकडच्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रं बघणाऱ्या मुलाला परदेशी खरेदीदाराचा मेल आला. मजकूर साधारण असा: कार्टन संपले आहेत, त्यामुळे गुरुवारपर्यंत पिकअप 'पुट ऑफ' करावा लागेल. त्याने वाचलं, गुरुवारपर्यंत गाडी बंद. म्हणजे ऑर्डरच गेली, असा त्याचा समज. खरा अर्थ एवढाच की उचल गुरुवारवर ढकलली. माल कापून ठेवायचा की झाडावरच राहू द्यायचा, हे अशा दोन शब्दांवर ठरतं. केळी काही 'पुट ऑफ' होत नाही, ती पिकायची तेव्हा पिकते. म्हणून 'पुट ऑफ'ला पुढे ढकलणं हाच अर्थ द्या आणि दिव्याला 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ' ठेवा. रद्द करणं असतं तर त्याने 'कॉल ऑफ' लिहिलं असतं.

त्या मुलाला 'पोस्टपोन' येत होता, हेही सांगायला हवं. आपल्या सगळ्यांना येतो. शाळेचं इंग्रजी पुस्तकातून आणि सरकारी कागदातून आलं, तिथे लॅटिन-फ्रेंच मुळांचे जड शब्द चालतात: 'पोस्टपोन', 'एक्स्टिंग्विश', 'टॉलरेट', 'सरेंडर'. घरात आणि फोनवर तोच माणूस 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ', 'गिव्ह इन' म्हणतो. म्हणून वर्तमानपत्र वाचता येतं, पण सिनेमा सबटायटलशिवाय कळत नाही. रजेच्या अर्जात 'पोस्टपोन'च शोभतो, तिथे फ्रेजल व्हर्ब ओढून आणू नका. अर्जाच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू' येतोच, त्यापुढे 'हिअर' नाही, 'हिअरिंग'. तिथे 'इट' बसतं, 'लुकिंग फॉरवर्ड टू इट', आणि जिथे 'इट' बसतं तिथे क्रियापद 'आयएनजी' लावूनच जातं. 'गेट यूज्ड टू'लाही हेच.

बिघाड सहावा: कानाला ऐकूच येत नाही

वाचताना कळतं, बोलायलाही जमतं, पण समोरचा बोलला की सुटतं. याचं कारण, आपण शब्द वेगवेगळे ठेवून ऐकायला जातो आणि ते येतात जोडून. 'टर्न इट ऑफ' कानावर पडतं 'टर्निटॉफ'. 'पिक इट अप' होतं 'पिकिटप', अमेरिकन तोंडी 'पिकिडप'. 'फाइंड आउट' होतं 'फाइंडाउट'. शाळेत संधी शिकलेल्या मुलाला हे नवीन नाही. आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरात जाऊन बसतं, बस. अशा वाक्यांना देवनागरी उपयोगी पडते. जसं ऐकलं तसं एका शिरोरेषेखाली लिहा, मग तोडा. याच सवयीने भूतकाळही सुधारतो: 'पिक्ड अप'मधला जो शेवटचा आवाज आपण गिळतो, तो 'पिक्टप' म्हटलं की आपोआप येतो.

देवनागरीचा एक तोटाही इथेच आहे. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे दोन वेगळे शब्द आपण दोन्ही 'ऑफ' लिहितो आणि म्हणतोही. 'रन आउट ऑव्ह'मधला दुसरा 'ऑव्ह' आहे, शेवटी 'व्ह'. वहीत तो वेगळाच लिहा.

छोट्या शब्दांचा अर्थ लावावा का?

हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. लावावा, पण बेतानं. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांतला 'अप' म्हणजे आपला 'टाकणे': खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक. चोपड्याच्या पोरांना मी अहिराणीतून सांगतो, 'खाई टाक'. लगेच पोचतं. 'ऑन'मध्ये चालू राहणं असतं, 'कॅरी ऑन', 'कीप ऑन'. 'ऑफ'मध्ये सुटणं किंवा निघणं, 'सेट ऑफ', 'ड्रॉप ऑफ', 'कट ऑफ'. 'डाउन'मध्ये कमी होणं किंवा कोसळणं.

एवढ्यावर विसंबून नव्या जोडीचा अर्थ मात्र ठोकून देऊ नका. कागद जळून खाक झाला तर 'बर्न अप', घर जळून खाक झालं तर 'बर्न डाउन'. वर की खाली, राख सारखीच. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे की परक्यांना सर्वांत जास्त अडचण होते ती याच जोड्यांची. तेव्हा न जमण्याचा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. कळलेला अर्थ लक्षात ठेवायला हे 'अप-डाउन' मदत करतात, न कळलेला अर्थ ओळखायला फारशी करत नाहीत.

परीक्षेचं काय?

एमपीएससी किंवा बँकेची तयारी करणारे म्हणतील, आम्हाला गाळलेल्या जागाच भरायच्या आहेत. मग लिस्ट ठेवा, तिथे ती चालते. फक्त प्रत्येक जोडीसमोर मराठी अर्थाऐवजी स्वतःच्या घरातलं एक वाक्य लिहा, आणि त्या वाक्यात शक्य असेल तर 'इट' किंवा 'देम' घाला, म्हणजे जागेचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. ज्या जोडीचं आपल्या दिवसातलं वाक्यच सुचत नाही, तिच्यावर पेन्सिलने फुली मारून पुढे जा. रात्री झोपण्याआधी फोनवर दोन मिनिटांची व्हॉइस नोट करा: आज सकाळपासून काय झालं, इंग्रजीत, न थांबता. दुसऱ्या दिवशी ऐकताना जिथे जिथे अडखळलात तिथे वर सांगितलेल्यांपैकी कुठला बिघाड आहे ते लिहा. दोन-तीन दिवसांच्या नोट ऐकल्या की बहुतेकांचा एकच बिघाड पुन्हा पुन्हा निघतो, आणि मग तेवढाच दुरुस्त करायचा असतो.